बाटल्यांतले सण

आमच्या कॅज्युअल्टीत डोकं फुटून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा नसे. ‘कुठला सण?’ असा असे. विचारणारे आमचे मोठे डॉक्टर. एका हाताने जखमेच्या कडा जुळवतायत, दुसऱ्या हातात सुई, आणि चेहरा असा उत्सुक की समोरच्याने फराळाला बोलावलंय. पेशंट बिचारा कळवळत असायचा. आपल्यापेक्षा डॉक्टरांचंच डोकं जास्त फुटलंय असं त्याला वाटायचं, आणि तो घाबरून खरं काय ते सांगून टाकायचा.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी तेव्हा नर्स होते. नुकती पास होऊन लागले होते. घोडपदेवच्या चाळीतून पांढरेशुभ्र कपडे सांभाळत चालत यायचं, आणि संध्याकाळी रक्ताचे, आयोडिनचे डाग घेऊन परत जायचं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रस्त्यात रोज मोर्चा किंवा मोर्चाची तयारी. घरी भाऊ, बाबा, शेजारचे सगळे एकाच विषयावर ओरडत. इस्पितळात आलं की हा एकच माणूस असा, ज्याला त्या विषयातलं काही विचारलं तर म्हणायचा, “ते होईल हो सिस्टर. नारळी पौर्णिमा परवावर आलीय, बँडेजं किती आहेत ते बघा आधी.”

त्यांचं म्हणणं एवढंच, की माणूस उगीच पडत नाही, त्याची तिथी असते. नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून फोडायच्या पैजा लागतात. त्या दिवशी चेचलेली बोटं येणार. गोकुळाष्टमीला मनगटं आणि खुबे. गणेशचतुर्थीला सकाळी नऊ ते बारा बायका येणार, वाफेने पोळलेली बोटं घेऊन, कारण मोदकपात्राचं झाकण सगळ्या जणी स्वतःच्या अंगाकडे उचलतात. संक्रांतीला मांजाने कापलेले गळे, होळीला डोळे. मे महिना संपवून कोकणातून मंडळी परतली की फणसाने बिघडलेली पोटं. मिलमधली बोटं वेगळी. शनिवारी मशीन पुसायची घाई असते, त्या दिवशीची बोटं ते लांबून ओळखत. श्रावणी सोमवारी चक्कर येऊन पडलेल्या बाईला सलाईन लावायच्या आधी विचारत, “उपास निर्जळी की फराळाचा?”

या सगळ्याचा हिशेब ते बाटल्यांत ठेवत. औषधांच्या रिकाम्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या स्टोअरमधून मागून आणलेल्या. मराठी महिन्याला एक. पडलेला माणूस आला की त्या महिन्याच्या बाटलीत चिंचोका टाकायचा. भाजलेला आला की गुंज. कापलं असेल तर वाल. ताप, ओकाऱ्या, जुलाब यांना सुरुवातीला तांदूळ होते, पण ते उंदरांनी खाल्ले. मग शिंप्याकडून सदऱ्याची पांढरी बटणं आणली. खिडकीच्या फळीवर त्या बाटल्या ओळीने उभ्या असत आणि उन्हं आली की छान दिसत. वर्ष संपलं की त्या कपाटावर जायच्या आणि नव्या यायच्या. आमची मेट्रन जाता-येता विचारी, “हे इस्पितळ आहे की वाण्याचं दुकान?” डॉक्टर मान वर न करता म्हणत, “वाण्याचंच. पण गिऱ्हाईक कमी व्हावं म्हणून मांडलेलं.”

तेही खोटं नव्हतं. गिऱ्हाईक कमी करायला ते खरंच बाहेर पडत. स्वतः गिरगावातले, एकटे जीव, घरी वाट बघणारं कोणी नाही. संक्रांत आली की लालबागच्या पतंगवाल्यांकडे जाऊन मांजावरून बोट फिरवून बघत, आणि ज्याने बोट कापेल ती फिरकी विकत घेऊन गटारात टाकत. दुसऱ्या वर्षापासून दुकानदार त्यांच्यासाठी एक खास धारदार फिरकी जास्त भावाने राखून ठेवू लागला. गोकुळाष्टमीच्या आधी काळाचौकीच्या एका मंडळात जाऊन ‘हंडी खाली घ्या’ म्हणून सांगून आले. पोरांनी त्यांना हार घातला, चहा पाजला आणि हंडी आणखी हातभर वर नेली. चतुर्थीच्या आधी चाळीचाळींतून स्वयंपाकघरात डोकावून झाकण कसं उचलायचं ते दाखवायचे. एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, “मेल्या, स्वतःची बायको आण, तिका शिकव.” ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं आणि खो खो हसले.

दिवाळीनंतरची त्यांची फेरी मात्र स्टोची असे. तुळशीचं लग्न झालं की खिशात स्टोच्या वायसरांची पुडी घेऊन ते लालबाग-परळच्या चाळींतून फिरत. “स्टो बघू तुमचा,” म्हणून दारात उभे राहत, जुनं वायसर काढून स्वतःच्या हाताने नवं बसवत. फुकट. त्या दिवसांत स्टो भडकून भाजलेल्या बायका येतात, हे त्यांना बाटल्यांनी सांगितलं होतं. थंडी पडते, वायसराचं कातडं आकसतं, असा त्यांचा सिद्धांत होता. आम्ही नर्सा त्यांना पाठीमागे ‘वायसर’ म्हणत असू.

मग गोळीबाराचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. फरशी पुसून होत नव्हती एवढंच सांगते. आम्ही सगळ्या रडत होतो आणि काम करत होतो. डॉक्टर रडले नाहीत. प्रत्येकाला आडवं करून ते एकच विचारत, “पुढून लागली की पाठून?” मला त्या प्रश्नाचा इतका संताप आला की हातातला ट्रे आपटावासा वाटला. पुढून लागली काय नि पाठून लागली काय, पोर मरतंय ना? त्या महिन्याच्या बाटलीत त्यांनी त्या माणसांसाठी काहीही टाकलं नाही. “याला तिथी नाही,” म्हणाले, आणि बाटली होती तिथवरच ठेवून तिला बूच मारलं.

त्याच दिवसांत आम्हाला ‘पुढारी’ भेटला. हे आमच्यातलं नाव. लालबागला राहणारा, मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कामाला, आवाज असा की मेगाफोन नको. माझ्याच चाळीतल्या एका मुलाच्या मांडीत गोळी घुसली होती. त्याला हा गल्लीबोळांतून पाठीवर घेऊन आला. सदरा रक्ताने भिजून अंगाला चिकटलेला. मुलगा वाचला. त्यानंतर पुढारी अधूनमधून जखमींना बघायला यायचा. सगळ्यांशी गोड बोलायचा, आया-वॉर्डबॉयना नावाने हाक मारायचा. स्वतःच्या पाठीवर लाठ्यांचे वळ होते, ते कधी दाखवायचा नाही. पुढच्या वैशाखात त्याचं लग्न झालं तेव्हा कॅज्युअल्टीत पेढे घेऊन आला होता. आम्हा नर्सांत त्याच्यावर न भाळलेली एकही नसेल. मीसुद्धा.

त्या वर्षीची दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा डॉक्टरांनी मला खिडकीशी बोलावलं. हातात त्या महिन्याची बाटली, उन्हात धरलेली.

“काय दिसतं, सिस्टर?”

तळाशी गुंजांचा लालभडक थर होता. फटाके, फुलबाज्या, भुईनळ. त्यावर चिंचोके, वाल, बटणं यांची सरमिसळ. आणि त्याच्यावर पुन्हा थोड्या गुंजा.

“दिवाळी,” मी म्हटलं. “आणि वरचं तुमच्या स्टोचं.”

त्यांनी कपाटावरून मागच्या वर्षांच्या बाटल्या उतरवल्या. प्रत्येकीत तसंच. तळाशी लाल, मध्ये सगळं, वर पुन्हा लाल.

“मी वायसरं बदलत सुटलो तरी हा थर कमी होत नाही,” ते म्हणाले. “काल बसून एकेक गुंज आठवली. सगळ्या पोरी आहेत हो. स्वयंपाक तर म्हाताऱ्याही करतात. सगळ्यांचं लग्न त्याच वर्षी झालेलं. असं कसं? स्टोला काय कळतं, कोण नवी नवरी ते?”

जे त्या ब्रह्मचाऱ्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं ते मला एका क्षणात कळलं, कारण मी चाळीत वाढले होते.

“डॉक्टर, पहिली दिवाळी,” मी म्हटलं. “दिवाळसण असतो. जावई सासुरवाडीला जातो. त्याला अंगठी, घड्याळ, कपडे, काय काय द्यावं लागतं. मनासारखं नाही दिलं तर...”

“तर काय?”

“तर पोरीचे हाल होतात.”

ते स्टुलावर बसले. बाटली मांडीवर घेतली. मग म्हणाले, “म्हणजे मी वायसरं बदलत होतो.” मला त्यांची इतकी कीव आली की मी चहा आणायला गेले.

पुढच्याच आठवड्यात शेवंती आली.

दुपारची वेळ. एक म्हातारी आणि शेजारच्या दोघी तिला धरून घेऊन आल्या. एकोणीस-वीसची मुलगी, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र. म्हातारी म्हणजे सासू. “स्टो भडकलो,” ती म्हणाली. मुलीला पालथं निजवलं. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत आणि एका कोपराच्या मागे भाजलं होतं. फार खोल नव्हतं. चोळीचा मागचा भाग जळून चिकटला होता, आणि केसांना रॉकेलचा वास होता.

डॉक्टर नेहमीप्रमाणे ‘कुठला सण?’ म्हणाले नाहीत. खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, “पहिली दिवाळी झाली का, बाळ?”

तिने होय म्हणून मान हलवली.

“आणि स्टोकडे पाठ करून भाकऱ्या भाजत होतीस?”

मी दचकले. त्या क्षणी मला तो गोळीबारातला प्रश्न आठवला, पुढून की पाठून, आणि तो ते का विचारत होते तेही कळलं: घाव कुठून बसला यावरून घालणारा कुठे होता ते कळतं. शेवंतीच्या आधी सासूच म्हणाली, “वारो होतो हो, डॉक्टर. ज्वाळ मागसून इली.”

तेवढ्यात दारातून धावत नवरा आला. छातीवर चळवळीचा बिल्ला, कपाळावर घाम. पुढारी! मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. ज्या घरात हा आहे त्या घरात असलं काही होणं शक्यच नव्हतं. तो तिच्या डोक्याशी गुडघ्यावर बसला. “शेवंते, अगं काय झालं हे?” म्हणाला. मग आमच्याकडे वळून, “मी मिलमध्ये होतो, सिस्टर. निरोप आला तसा धावत आलो.” त्याचे डोळे भरले होते. शेवंतीने तोंड भिंतीकडे वळवलं. वेदनेने वळवलं असेल असं मला वाटलं.

एवढ्याशा भाजण्याला कोणी दाखल करून घेत नाही. डॉक्टरांनी करून घेतलं. धनुर्वाताची भीती आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या चौकीवरच्या हवालदाराला बोलावून सासूबद्दल संशय आहे असंही सांगितलं. हवालदाराने शेवंतीला विचारलं. ती म्हणाली, “स्टो भडकला.” त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तो टोपी चढवून निघून गेला.

ही बातमी तासाभरात सगळ्या इस्पितळात झाली. ज्या पोलिसांनी आमच्या पोरांवर गोळ्या झाडल्या त्यांना हा माणूस पुढाऱ्याच्या घरात घुसवतो? वॉर्डबॉयनी त्यांना चहा आणून देणं बंद केलं. “वायसर पोलिसांना फितूर,” असं कोणीतरी त्यांच्यासमोर म्हणालं. मीही भडकले होते. सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“डॉक्टर, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत का? फक्त गुंजा दिसतात? त्याने माझ्या शेजाऱ्याला पाठीवरून आणलंय.”

“तो चांगलाच आहे हो,” ते म्हणाले. “मी म्हातारीबद्दल बोलतोय. तो दिवसभर मिलमध्ये, संध्याकाळी सभेत. त्याला काय कळणार घरात काय चाललंय?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सिस्टर, त्या वरच्या थरातल्या काही जणी आधी एकदा येऊन गेल्या होत्या. अशाच. हातावर, पाठीवर थोडंसं. मी मलम लावून घरी पाठवल्या. त्या परत आल्या तेव्हा मलम लावायला जागा नव्हती. हे छोटं भाजणं आहे. मोठं अजून यायचंय.”

मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन वॉर्डात गेले. शेवंतीची पट्टी बदलताना तिला हळूच विचारलं, “घरी जायचंय ना तुला?” ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, “नेतील तिथं जायचं.”

डॉक्टरांनी तिच्या भावाला शोधून काढलं. लोअर परळच्या एका गाळ्यात राहायचा, कुठल्याशा मिलमध्ये बदली कामगार. तो आला. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन गेले. मी औषधाच्या कपाटाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

“तिला थोडे दिवस तुझ्याकडे ने,” डॉक्टर म्हणाले.

“माझ्याकडे कुठे नेऊ, साहेब? गाळ्यात आम्ही पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीने झोपतो.”

“मग गावी पोचव.”

“आणि लोकांना काय सांगू? दिवाळसणात भावोजींना घड्याळ द्यायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. आधीच खाली मान घालायची वेळ आहे. त्यात बहीण परत आणली म्हणजे...” तो थांबला. मग जरा जोरात म्हणाला, “आणि तुम्ही भलता संशय घेऊ नका. भावोजी देवमाणूस आहे. मीही मोर्चाला त्यांच्यामागे असतो. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, साहेब.”

डॉक्टरांनी त्याचा हात धरला. हा माणूस कोणापुढे हात पसरताना मी कधी बघितला नव्हता. “मी विनंती करतो रे तुला,” ते म्हणाले. पोराने हात सोडवून घेतला आणि नमस्कार करून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे तिला न्यायला आले. सासू, नवरा, भाऊ. तिला कॅज्युअल्टीच्या बाकावर आणून बसवलं होतं. जखमा सुकू लागल्या होत्या, तिला थांबवून घ्यायला आता कारण उरलं नव्हतं. थोडी कणकण होती, तेवढीच. आणि आमच्या खाटांतल्या ढेकणांनी तिच्या हातांवर, गळ्यावर लाल लाल गांधी उठवल्या होत्या. त्या ढेकणांसाठी मेट्रनशी माझं रोज भांडण व्हायचं.

पुढाऱ्याने घोडागाडी नव्हे, खास टॅक्सी आणली होती. “चल शेवंते,” म्हणाला, आणि तिला उठवायला हात पुढे केला. ती उठली. डॉक्टर टेबलामागे उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गुडघ्यापर्यंत पाणी चढलंय आणि पोहता येत नाही अशा माणसाचा तो चेहरा होता.

“थांबा,” ते एकदम म्हणाले. “आजी, तिला हात लावू नका.”

ते पुढे आले, शेवंतीचा हात धरून उजेडाकडे वळवला, गांधींकडे बघितलं, कपाळावर तळवा ठेवला.

“देवी दिसतायत,” ते म्हणाले.

काळाचौकीला त्या आठवड्यात दोन घरांत देवी निघाल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण डॉक्टरने तोंडातून ‘देवी’ हा शब्द काढायचा म्हणजे किती मोठी गोष्ट! तेही या माणसाने? फणसाच्या जुलाबाचं एक बटण चुकून दुसऱ्या महिन्याच्या बाटलीत पडलं, तर ते चिमट्याने काढणारा माणूस हा. त्याला ढेकूण चावलेला कळत नव्हता? चार-सहा दिवस तिला साथीच्या इस्पितळात ठेवता येईल, तिथे सासरच्यांना आत सोडत नाहीत, एवढाच त्याचा हिशेब असणार. नोकरी जाईल याचा हिशेब त्याने केला नव्हता.

पण त्याच्या हिशेबात नव्हतं ते पुढे झालं. म्हातारीने शेवंतीच्या हाताकडे बघितलं. ज्या घरात देवी येतात तिथे भांडत नाहीत, फोडणी देत नाहीत, वावगा शब्द काढत नाहीत. ज्याच्या अंगात आल्या ते माणूस राहत नाही, साक्षात आई होते. आमच्या चाळीतही हेच चालायचं. म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आये, माझा चुकला गो,” ती रडायला लागली. “माऊली, माझ्या घराक धरू नको. राकेल मी वतलंय, मी कबूल करतंय. पण काडी मी नाय वढलंय! काडी ह्यान वढल्यान, माझ्या झिलान. मी तेचो हात धरूक गेलंय गो, आये! मी म्हटलंय नुसता भेवड, जाळू नको. तुका सगळा ठावक असा. तू बघितलंस.”

कॅज्युअल्टीत त्या वेळी दहा-पंधरा माणसं असतील. एक जण हात फ्रॅक्चर झालेला, एक बाई तापलेलं पोर घेऊन. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी पुढाऱ्याकडे बघितलं. आता तो म्हणेल, आई, काय बरळतेस, मी मिलमध्ये होतो. मी वाट बघत होते. अगदी मनापासून वाट बघत होते.

“आई, ऊठ!” तो ओरडला. “गप्प बस! ह्या देवी नाहीत! डॉक्टर खोटं बोलतायत!”

एवढंच. काडी मी ओढली नाही, असं तो म्हणालाच नाही. पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ह्या देवी नाहीत, ह्या देवी नाहीत. सभेतला तोच आवाज.

म्हातारी उठली नाही. तिने सुनेचे पाय आणखी घट्ट धरले. “आये, काय होया तुका? ओटी भरतंय, कोंबो देतंय, साडी नेसवतंय. तू बोल. काय होया?”

शेवंती खाली बघत होती. तीन दिवस काय झालं असं विचारलं की तिने ‘स्टो भडकला’ याशिवाय काही सांगितलं नव्हतं. ढेकूण आहेत हे तिलाही ठाऊक होतं. आदल्या रात्री तिनेच मला एक मारून दाखवला होता. ती सरळ उभी राहिली. नवऱ्याकडे बघितलं नाही. सासूच्या पाठीवर नजर ठेवून, हुकूम करावा तसं म्हणाली,

“मला माहेरी पोचव.”

“पोचवतंय, आये, पोचवतंय,” म्हातारी म्हणाली.

पुढारी पुढे सरकला. “ती माझी बायको आहे.” त्याच्यापुढे भाऊ आला. मला वाटलं आता मारामारी होणार. पण तो हात जोडून म्हणाला, “भावोजी, बाजूला व्हा.” नंतर जोडलेले हात सोडले आणि नुसतं म्हणाला, “बाजूला हो.” पुढारी बाजूला झाला. साथीच्या इस्पितळाचा कागद डॉक्टरांनी केलाच नाही. त्याच टॅक्सीत बसून बहीण-भाऊ भाऊच्या धक्क्यावर गेले आणि बोटीने गावी.

पुढाऱ्याचं पुढे काही झालं नाही. शेवंतीने पोलिसांना कधीच काही सांगितलं नाही, आणि देवीपुढे बोललेलं सरकारदरबारी चालत नाही. महाराष्ट्र झाला त्या रात्री लालबागला मशाली घेऊन निघालेल्या मिरवणुकीत मी त्याला पुढे चालताना बघितला. गळ्यात हार होता. लोक त्याच्या पाया पडत होते. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली होती त्या दिवशी मी घोषणा देता देता थांबले आणि गर्दीतून बाहेर पडून रडले. मला त्या माणसाचा राग आला होता, पण त्याहून जास्त याचा धक्का होता, की माझ्या शेजाऱ्याला पाठीवरून आणलं तेही त्यानेच, आणि तेही खरंच होतं.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. टॅक्सी गेल्यावर मी डॉक्टरांना शोधलं. ते पडद्यामागे, तपासायच्या खाटेवर बसले होते. मला वाटलं, मनासारखं झालं म्हणून खूश असतील, नाहीतर खोटं बोलले म्हणून घाबरले असतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

“वाचली ती, डॉक्टर,” मी म्हटलं.

“हे म्हातारीचंच काम, असं मी धरून चाललो होतो,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या बाबतीत. इतक्या वर्षांत कधी, कुठे, कशाने, सगळं विचारलं. काडी कोणी ओढली, हे कधी विचारलंच नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

त्यांनी पेला बाजूला केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आजही त्या नजरेने दचकते.

“त्या पोरी गेल्या ना, सिस्टर, तेव्हा ते नवरे बाहेर याच बाकावर बसून रडायचे. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसायचो. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवलाय मी.”